दोन रंग जुळवा, जांभळ्याला सोडून द्या

भिंगाची दुर्बीण करायची म्हटलं की लोक आधी व्यास विचारतात. मी विचारतो, काच कोणती? एका भिंगात सगळे रंग एका जागी येत नाहीत, आणि न्यूटनसारख्यानेही हात टेकून आरशाची वाट धरली. दोन वेगळ्या काचांची जोडी करून हा दोष मारता येतो, हे बाजारात रुजवलं लंडनच्या जॉन डॉलंड या भिंगकाराने. त्याचं पेटंट १७५८चं.

आपण ८० मिमी व्यास आणि १००० मिमी फोकल लेंथ (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) धरू. नुसत्या बीके७ या क्राउन प्रकारच्या काचेचं भिंग केलं, तर निळा (४८६ नॅनोमीटर) तांबड्याच्या (६५६) साधारण साडेपंधरा मिमी अलीकडे जुळतो. शुक्र पाहायला घ्या, नुसता रंगीत भुगा दिसेल.

आता कॅटलॉगमधून प्रत्येक काचेचा अॅबे अंक काढा. अंक मोठा, तर काच रंग कमी फाकवते. बीके७चा ६४.१७, एफ२ या फ्लिंट काचेचा ३६.३७, फरक २७.८. हा फरक जितका मोठा तितके वक्र सौम्य राहतात, म्हणून जवळच्या अंकांची जोडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

हिशेब कॅल्क्युलेटरवर होतो. १००० ला २७.८ ने गुणून ६४.१७ ने भागा: क्राउनची फोकल लेंथ ४३३ मिमी. तोच गुणाकार ३६.३७ ने भागा: फ्लिंटची ७६४, पण ऋण, म्हणजे ते भिंग अंतर्वक्र. क्राउनच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या, तर बीके७चा अपवर्तनांक १.५१६८ धरून त्रिज्या येते सुमारे ४४८ मिमी. फ्लिंटची पुढची बाजू तेवढ्याच त्रिज्येने खोल घासा. मागची आपोआप आठेक मीटर त्रिज्येची, म्हणजे जवळजवळ सपाट निघते. मधल्या दोन बाजू एकमेकींवर ठेवून सोडियमच्या दिव्याखाली फटीत दिसणारी प्रकाशाची कडी पाहून वक्र जुळतात का ते तपासता येतं, वेगळी टेस्ट प्लेट (मापाची नमुना काच) लागत नाही. मला हीच सोय सगळ्यात आवडते.

हा झाला कच्चा आराखडा. यात गोलीय दोष (कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळणं) आणि कोमा (कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटणं) शिल्लक असतात. फोकल लेंथ न बदलता वक्र फिरवा: क्राउनची पुढची बाजू थोडी सपाट, मधल्या दोन थोड्या खोल. रंगांचं गणित त्याने बिघडत नाही. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवा, पण त्याला कॅटलॉगमधले आकडे देऊ नका. काचेसोबत येणारा मेल्ट डेटा द्या, कारण प्रत्येक घाण्याचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो.

तांबडा आणि निळा एकत्र आले तरी हिरवा त्यांच्या सुमारे अर्धा मिमी अलीकडे राहतो आणि जांभळा बराच पलीकडे पळतो. त्याच्या मागे लागू नका. एफ/१२.५ला (फोकल लेंथ भागिले व्यास) तो फारसा नडत नाही. एफ/६ हवा असेल, तरच ९५च्या आसपास अॅबे अंक असलेल्या ईडी, म्हणजे रंग फार कमी फाकवणाऱ्या, काचेवर पैसे घाला.

तपासणी अभिजित ताऱ्यावर करा, मोठ्या वर्धनाने. फोकसच्या आत ताऱ्याच्या पसरलेल्या चकतीची कड जांभळट आणि बाहेर हिरवट दिसली, तर काम जमलं. आत तांबडी, बाहेर निळी दिसली तर फ्लिंट कमी पडलं. उलटं दिसलं, तर फ्लिंट जास्त झालं. मग दोन भिंगांमध्ये अंतर राखणारे पत्र्याचे तुकडे थोडे जाड करून पाहा. अंतर वाढलं की फ्लिंटचा जोर उतरतो.