फिल्मची डिग्री करायला ठाण्यात येताय? आधी खोलीचं बघा

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर उदगीर, अहमदपूर, मुखेडकडचे नंबर दिसायला लागतात. कोणाचा तरी भाचा, कोणाची तरी मावसबहीण. प्रश्न ठरलेला: फिल्म शिकायचीय, मुंबईत राहणं परवडत नाही, ठाणं बरं की नवी मुंबई? मीही असाच उदगीरहून आलो, ठाण्यात डिग्री केली, आता ऐरोलीत राहतो आणि साउंड-एडिटवर पोट भरतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

सुरुवात खोलीपासून, कारण तिथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. सगळे कॉलेजपासून चालत किती मिनिटं ते बघतात. या कोर्सचं खरं काम लेक्चर संपल्यावर सुरू होतं. शूट रात्री लांबतं, एडिट पहाटेपर्यंत चालतं, सीनियरच्या फिल्मवर क्लॅप (टेकच्या सुरुवातीची पाटी) द्यायला अंधेरीला जावं लागतं. त्यामुळे खोली कॉलेजच्या नाही, शेवटच्या गाडीच्या हिशोबाने घ्या. ठाण्याला मेन लाइन असल्यामुळे रात्री उशिरापर्यंत गाड्या मिळतात. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, वाशी, पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर त्याआधी आटोपते. पनवेल-खारघरला राहून घोडबंदरच्या सेटवर काम करणारा मुलगा आठवड्यातून एकदा तरी स्टेशनच्या बाकावर झोपतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, आणि सगळ्यांना सुट्टी म्हणून विद्यार्थ्यांची शूट नेमकी रविवारीच लागतात. कॉल टाइम, म्हणजे सेटवर जमायची वेळ, ठरवण्याआधी ब्लॉकचं वेळापत्रक बघायची सवय लावून घ्या.

ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला भाडं झेपत नाही, म्हणून पोरं कळव्यात, खारेगावात, दिघ्यात खोल्या घेतात. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तो भाग सोयीचा झालाय. नवी मुंबईत सिडकोच्या सेक्टरमधल्या सोसायट्या बॅचलरला नाकं मुरडतात. त्यापेक्षा घणसोली गाव, कोपरखैरणे गाव, तुर्भे गाव अशा गावठाणांतल्या इमारतींमध्ये विचारा. तिथे घरमालक बहुधा आगरी असतो, वर-खाली तोच राहतो, आणि एकदा ओळख झाली की रात्री तीन वाजता लाइट स्टँड घेऊन आलात तरी काही म्हणत नाही. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करून घ्या, डिपॉझिटचा उल्लेख त्यात आहे का बघा. कॉलेजच्या फॉर्मला, रेल्वेच्या पासला आणि पोलीस व्हेरिफिकेशनला तोच कागद लागतो. पासचं एक लक्षात ठेवा: विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच स्टेशनांपुरता असतो. अंधेरीला जायचं तर पासच्या पुढचं तिकीट आणि घाटकोपरहून मेट्रोचं तिकीट वेगळं. महिन्याच्या खर्चात हा आकडा कोणीच धरत नाही.

आता कोर्स. ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे ठाण्यातल्या, पनवेलच्या आणि चर्चगेटकडच्या बऱ्याच कॉलेजांचं विद्यापीठ एकच. 'कॉलेज टाउनमधलंच (दक्षिण मुंबईतलंच) हवं' हा हट्ट म्हणूनच मला पटत नाही. पण नावं नीट वाचा. ज्याला सगळे अजूनही बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणतात ते आता बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची बी.ए.) आहे, आणि तो मुळात मास कम्युनिकेशनचा कोर्स. त्यात जुन्या रचनेत तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता निवडायची असायची, फिल्मचे विषय त्यातले थोडे. फिल्म, टेलिव्हिजन आणि न्यू मीडिया प्रॉडक्शन नावाची वेगळी बी.ए. मोजक्या कॉलेजांत आहे. नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, क्रेडिट अशी भाषा आलीय. फॉर्म भरताना मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला लिहिलाय तेवढं पक्कं बघा. माहितीपत्रकावर कॅमेऱ्याचा फोटो असला म्हणून मेजर फिल्मचा होत नाही.

खाजगी इन्स्टिट्यूटचं दार ठोठावलंत तर विचारायचा प्रश्न एकच: डिग्री कुठलं विद्यापीठ देणार? मग ते विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का ते स्वतः बघायचं. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते, तीही चाळा. डिप्लोमा वाईट नसतो, पण तो डिग्री म्हणून विकला जात असेल तर तिथून निघा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचा तीन वर्षांचा दिग्दर्शनाचा किंवा छायांकनाचा कोर्स पुढे करावासा वाटला तर पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. घरच्यांना हा मुद्दा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे. 'पोरगं ग्रॅज्युएट तर होतंय' म्हटलं की वडील शांत होतात.

फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा, काउन्सेलरला नको. त्यांना विचारा: कॅमेरा रात्री बाहेर नेऊ देतात का, की चार वाजता जमा करावा लागतो? एडिट लॅब सुट्टीत उघडी असते का? साउंड शिकवायला खरोखर सेटवर काम करणारा माणूस येतो का? बूम (लांब दांडीवरचा माइक), रेकॉर्डर, लेपल (कॉलरला लावायचा) माइक आहेत, की फक्त कपाटात आहेत? फोर-के कॅमेऱ्याचं कौतुक सगळीकडे ऐकवतील, पण ज्या कॉलेजात माइकच्या बॅटऱ्या भरलेल्या असतात ते कॉलेज चांगलं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणार असाल तर तुमचा कोर्स, त्याच कॉलेजचा, पोर्टलच्या यादीत आहे का हे ऑफिसात जाऊन खात्री करा. असे कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात, फीचा फरक मोठा पडतो.

पावसाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्याकडून येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे कॅमेऱ्याचा शत्रू धूळ. इथे शत्रू ओल. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. एकदा ती काचेच्या कोटिंगपर्यंत गेली की साफ करूनही डाग राहतो. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) आणि दमटपणा मोजायचं छोटं मीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओलावा प्यायला असं समजायचं. मंद आचेवर तापवले की परत निळे होतात, फक्त ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, तांदळाची पूड आत जाते. आणि एसी लॅबमधून बाहेर पडलात की बॅग लगेच उघडू नका, लेन्सवर वाफ धरते. लेन्स कपाटात ठेवून देण्यापेक्षा रोज वापरात असलेली बरी, उजेड आणि वारा लागतो.

दुसरा स्थानिक शत्रू म्हणजे आवाज. मी त्याच धंद्यात असल्यामुळे माझं मत एकांगी आहे, तरी सांगतो. पहिल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचं असतं, उरलेल्यांना डीओपी, म्हणजे कॅमेरा सांभाळणारा. बूम धरायला कोणी तयार नसतं. तुम्ही तो धरा. पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक ग्रुपची फिल्म गच्चीवर उदास उभ्या असलेल्या मुलाची असते, तिचं दिग्दर्शन न करून तुमचं काही जात नाही. पण ज्याला स्वच्छ साउंड घेता येतो त्याला सीनियर हाक मारतात, मग सीनियरचे सीनियर. मी एकट्या दिग्दर्शनावर घर चालवणारा पंचविशीतला माणूस बघितलेला नाही. साउंड, एडिट, फोकस यातलं एखादं काम हातात असलेले मात्र पुष्कळ.

ठाण्यात साउंड घ्यायचं म्हणजे कसोटी. घोडबंदर रोडची वाहतूक, स्टेशनची अनाउन्समेंट, दहीहंडीच्या आधीचे सराव, मग गणपती, मग टेंभी नाक्याची नवरात्र. दहीहंडीच्या आठवड्यात तर संवादांचा सीन लावूच नका. लोकेशन बघायला जाल तेव्हा डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहा, आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. दुपारी शांत असलेली गल्ली संध्याकाळी क्लासच्या पोरांनी भरते. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. पॅकअप म्हणण्याआधी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. पंखा, फ्रिज बंद करायचा आणि फ्रिजमध्ये स्वतःची खोलीची किल्ली ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज सुरू करायला विसरत नाही. लोकांच्या घरात शूट करतो, त्यांचं दूध नासलं तर पुन्हा घर मिळत नाही.

कॅमेऱ्याचं एकच सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर. फोन आपोआप ३० वर असतो, मग ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे धावतात आणि पोरं म्हणतात कॅमेरा खराब आहे.

परवानग्यांबाबत इथे बेफिकिरी चालत नाही. रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे प्लॅटफॉर्म, पूल, डबा, कुठेही शूटिंगला रेल्वेची लेखी परवानगी लागते. 'फोनवरच घेतोय' हे आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) सांगून उपयोग नाही. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे वनखात्याला विचारावं लागतं. तलावपाळीला किंवा उपवनला, म्हणजे ठाण्यातल्या तळ्यांकाठी, हातात कॅमेरा चालून जातो, ट्रायपॉड लावला की सुरक्षारक्षक येतो. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र कायम बॅगेत ठेवा. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून उलवे-पनवेलच्या बाजूला ड्रोनचा विचारही करू नका, उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटचा नकाशा बघायचाच.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची घरं आहेत, सातारा-सांगलीकडून आलेली कुटुंबं, आणि तुर्भ्याच्या बाजार समितीत ती माणसं आपण झोपलेले असताना कामाला लागतात. हिवाळ्यात खाडीत फ्लेमिंगो येतात, पण ते सगळेच शूट करतात. त्यापेक्षा पाणथळ जागांवरून जे वाद चालू असतात ते ऐका. तिथे डॉक्युमेंटरी आहे. कोळीवाड्यात किंवा गावठाणात पहिल्या दिवशी कॅमेरा काढू नका. आधी चार वेळा नुसते जाऊन या.

पैशाचं. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मराठी-हिंदी मालिकांचे सेट लागतात, सुट्टीत तिथे असिस्टंट म्हणून उभं राहता येतं. शिफ्ट बारा तासांची धरून चाला. सुरुवातीला पैसे थोडे किंवा नसतातच, जेवण मिळतं. स्पॉट दादा आणि लाइट दादांशी नीट वागा, सेटवर उभं कुठे राहायचं आणि कुठे नाही हे तेच शिकवतात. मुलींनो, होकार देण्याआधी रात्री पॅकअपनंतर ड्रॉप मिळतो का हे स्पष्ट विचारा, लाजू नका. चांगल्या प्रॉडक्शनला हा प्रश्न नवीन नसतो. 'रोल देतो, आधी रजिस्ट्रेशन भरा', 'युनियनचं कार्ड काढून देतो, इतके आणा' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. काम देणारा पैसे मागत नाही.

खरं घरभाडं लग्नाच्या व्हिडिओच्या कामातून निघतं. त्याला नाक मुरडणारे पुढे फार टिकलेले दिसले नाहीत. लग्नात रिटेक नसतो, त्यामुळे फोकस आणि डोकं दोन्ही ताळ्यावर राहायला शिकतं. एडिटचं काम घेताना निम्मे पैसे आधी आणि करेक्शन दोनदाच, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं नवरीच्या मामांना मान्य नसतं. शूटचा डेटा दोन डिस्कवर, आणि त्या दोन्ही डिस्क एकाच बॅगेत घालून लोकलमध्ये चढायचं नाही. एडिटसाठी महागडा लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊ नका. डाविंची रिझॉल्व्ह या एडिट सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिकायला पुरते, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून काम करायला शिका.

ग्रुपची फिल्म सुरू करण्याआधी एका कागदावर लिहा की निर्माता कोण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. फेस्टिव्हलला फिल्म लागली की मैत्री इथेच तुटते. कॉलेजच्या पैशाने किंवा सामानाने केलेल्या फिल्मवर कॉलेज काय हक्क सांगतं तेही प्रवेशाच्या कागदात वाचून ठेवा.

सिनेमे बघायला प्रभात चित्र मंडळाचं सभासदत्व घ्या, १९६८ पासून चालू असलेली फिल्म सोसायटी आहे. मिफ, म्हणजे मुंबईचा डॉक्युमेंटरी महोत्सव, दोन वर्षांनी एकदा असतो, त्या आठवड्यात कॉलेज बुडालं तरी चालेल. अर्थात हजेरीचे ७५ टक्के सांभाळून.

आणि येताना कागद आणा. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळ्याच्या झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन. मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी कॉलेजच्या फॉर्मच्या आधी करायची असते. निकालानंतर मुदत थोडी असते, आणि तहसीलचा दाखला निघायला तिकडे किती दिवस लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एप्रिलमध्येच अर्ज टाका.