अफरवटच्या उतारांवर जाण्यापूर्वी : गुलमर्गच्या स्कीची तयारी

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा आपल्याला सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, अफरवट पर्वताच्या धारेजवळ नेऊन सोडतो. तिथून जरा आडवे सरकले की देखरेखीखाली राखलेल्या उतारांची हद्द संपते, आणि पुढच्या घळींमध्ये काय करायचे ते आपल्या तुकडीलाच ठरवावे लागते; म्हणून मुख्य तयारी घर सोडण्यापूर्वीच झालेली असावी.

सर्वांत आधी बर्फाचा हिशेब ठेवावा. गुलमर्गला बर्फ केव्हा व किती पडला आणि मध्ये कोरडे दिवस किती गेले, याची टिपणे डिसेंबरपासूनच करावीत. २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या चिल्लई कलान या काश्मीरच्या ऐन हिवाळ्याच्या चाळीस दिवसांत थंडी कडाक्याची आणि बर्फाचा थर मात्र पातळ असला, तर वरचा पृष्ठभाग गोठलेला आणि खालची जमीन त्या मानाने उबदार, या तफावतीमुळे तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे कण बनतात, आणि पुढे पडलेला जाड थर अशा कच्च्या पायावर बसतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते; नंतर फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला आणि २२ तारखेच्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. उशिरा आलेल्या मोठ्या बर्फाने हुरळून जाऊन तिकिटे काढणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. डीआरडीओच्या चंडीगड येथील डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज पाहावेत, मात्र ते विस्तृत प्रदेशासाठी असतात, एखाद्या घळीसाठी नव्हे. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे असल्याने कोनमापक जवळ असावा आणि वाऱ्याने धारेपलीकडे बर्फ साठवला आहे का, हे नजरेने तपासावे. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला, तर तो उतार त्या दिवसापुरता सोडावा.

प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा शोध घेण्यासाठी संकेत पाठवणारे व पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब काठी) आणि धातूचे फावडे असावे. तिघांत एक फावडे ही काटकसर परवडणारी नाही. गाडला गेलेला माणूस साधारण पंधरा मिनिटांच्या आत बाहेर निघाला तर त्याच्या जगण्याची शक्यता बरीच असते, पुढे ती झपाट्याने घटते. हा शोध साथीदारांनाच घ्यायचा असल्याने त्याचा सराव घरीच करावा, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. मैदानावरच्या वाळूच्या ढिगात एक यंत्र पोत्यात गुंडाळून पुरावे आणि दुसऱ्याने ते शोधावे. यंत्रावरचा बाण दाखवतो ती वाट सरळ नसून वळत जाते, हे इथेच कळते. शेवटच्या तीन मीटरांत यंत्र जमिनीलगत धरून सावकाश आडवे-उभे फिरवावे, अंतराचा आकडा सर्वांत लहान येईल तिथून प्रोब उताराला काटकोनात खुपसत जावे, आणि प्रोब लागल्यावर वरून खड्डा न करता उताराच्या खालच्या बाजूने खणावे. शोधताना मोबाइल यंत्रापासून किमान अर्धा मीटर दूर ठेवावा, आणि यंत्रात निर्मात्याने सांगितलेल्याच बॅटऱ्या घालाव्यात.

उंचीचा त्रास हौशी मंडळी हसण्यावारी नेतात. समुद्रसपाटीवरून आलेल्यांनी पहिले एक-दोन दिवस गुलमर्गच्या खालच्या उतारांवरच काढावेत. इतर राज्यांतले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे तुकडीत निदान दोघांकडे पोस्टपेड असावे. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे, तेव्हा परदेशातून येणाऱ्या मित्रांना हे आधीच कळवावे.

विमा घेताना हद्दीबाहेरचे स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही बाबी लेखी तपासाव्यात. स्थानिक गाईड ठरवताना त्याच्याकडे स्वतःची बचावसामग्री आहे का, हे स्पष्ट विचारावे, आणि त्याने सकाळी ‘आज वर नको’ म्हटले, तर त्याचे त्या दिवसाचे पैसे द्यायचे, हेही आदल्या दिवशीच ठरवून टाकावे.