स्वस्त चिनी ड्युअल-स्पोर्ट गाडीत जोर कसा आणावा: आधी गळती शोधा, मग जेटला हात लावा

टाकीवर ‘२५०’चा मोठा स्टिकर असतो आणि आत इंजिन निघतं २२९ सीसीचं. ६७ मिलीमीटर बोअर, ६५ मिलीमीटर स्ट्रोक, हिशेब कुणीही करून पाहावा. स्वस्त चिनी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींसाठीच्या, मोटरसायकलींपैकी बऱ्याच याच एअर-कूल्ड, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडणाऱ्या) इंजिनावर चालतात. घराणं होंडाच्या १९७६ सालच्या सीजी १२५ चं. कमी देखभालीत, कच्च्या रस्त्यांच्या देशांत वर्षानुवर्षं चालावं म्हणून काढलेलं ते इंजिन चिनी कारखान्यांनी मोठं करत करत इथवर आणलं.

अमेरिकेत आणि लॅटिन अमेरिकेत या गाड्या रस्त्यावर धावतात. आपल्याकडे टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला सरकारी मंजुरी, नाही, म्हणून आरटीओची नोंदणीही नाही. इंदूरच्या आसपास ज्या एखाददुसऱ्या असतात त्या महू-मानपूरकडच्या शेतांवर किंवा खासगी ट्रॅकवर. पुढचं सगळं तेवढ्यापुरतंच आहे. गाडी एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) काढायचा बेत असेल तर इथेच थांबा.

अपेक्षाही आत्ताच ठरवून घ्या. पंधरा-सोळा अश्वशक्तीच्या या इंजिनाचे पंचवीस होत नाहीत. तसं सांगणारा काहीतरी विकायला बसलेला असतो. मात्र धुराच्या नियमात बसावी म्हणून ही गाडी बहुतेकदा कारखान्यातूनच लीन येते, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. त्यामुळे जो जोर दाबून ठेवलेला असतो तो नीट परत मिळतो, आणि शेताच्या चढावर तो चांगलाच जाणवतो.

किरकोळ कामं

खोक्यात आलेलं ऑइल काढून टाका आणि जासो एमए खुणेचं (मोटरसायकलच्या ओल्या क्लचला चालणारं) ऑइल भरा. या इंजिनांत बहुधा कागदी ऑइल फिल्टर नसतो, फक्त जाळी असते. म्हणून पहिली दोन-तीन ऑइलं लवकर बदला आणि दर वेळी जाळी धुवा. प्लग नामवंत कंपनीचा टाका, नंबर मॅन्युअलमधलाच. सगळे नटबोल्ट एकदा फिरवून घ्या, आरेसुद्धा.

एअर फिल्टरचा फोम धुवा, फिल्टर ऑइल लावून पिळा. सोयाबीन निघते तेव्हा आणि मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या वेळी माळव्यातली काळी माती पिठासारखी उडते. कोरड्या फोममधून ती सरळ सिलिंडरात जाते. फिल्टर काढून टाकून ‘गाडी मोकळी श्वास घेते’ म्हणणाऱ्यांनी वर्षभराने आपला पिस्टन उघडून बघावा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने सेट करा. माप मॅन्युअलचं घ्या. या घराण्यात ते साधारण ०.०५ ते ०.१० मिलीमीटरच्या पट्ट्यात असतं. पुशरॉड इंजिन थोडं टकटक करणारच. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळू नका. घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. गाडी शांत झाली म्हणून मालक खूश असतो, आणि त्याच शांततेत इंजिन बसत जातं.

सायलेन्सर आणि सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सध्या विसरा. लीन गाडीला मोकळा सायलेन्सर लावला की ती आणखी लीन होते. महागड्या सीडीआयने तर कार्बोरेटरचं दुखणं नुसतं झाकलं जातं.

कार्बोरेटर: खरं काम इथे आहे

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. या टप्प्यावर मीही बराच काळ अडकलो होतो, कारण जो तो जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्याच्या, नंबरापासून सुरुवात करतो. गॅरेजमध्ये गेलात की पोरगा गाडीची रेस एकदा ऐकतो आणि म्हणतो, “अंकल, बड़ा वाला जेट डाल देते हैं.” व्हिडिओवाले याहून वाईट. ते अमुक पायलट (आयडलिंगचा जेट) आणि अमुक मेन (पूर्ण अॅक्सिलरेटरचा जेट) असा तयार नंबरच हातात देतात.

तो नंबर त्यांच्या हवेचा आणि त्यांच्या पेट्रोलचा असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ, म्हणजे तोच जेट इथे थोडा रिच पडणार, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. उलट आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, अमेरिकेतल्या ई-१० ला साधारण १४.१ आणि ई-२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तिकडे बरोबर बसलेला जेट इथे लीन. उंची एका बाजूला ओढते, पेट्रोल दुसऱ्या बाजूला. तुमच्या गाडीत हिशेब कुठे मिटेल ते गाडीच सांगते.

त्यात ऋतू. जानेवारीच्या सकाळी १० अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, एवढ्या फरकाने हवेची घनता दहा टक्क्यांनी बदलते. उंचीच्या परिणामाच्या दुप्पट! म्हणून माझं ठाम मत: सेटिंग डिसेंबर-जानेवारीत करा. थंडीत बसवलेली गाडी उन्हाळ्यात किंचित रिच होईल, पेट्रोल थोडं जास्त पिईल, बाकी काही बिघडणार नाही. मेमध्ये बसवलेली गाडी थंडीत लीन होईल, तापेल, आणि एअर-कूल्ड इंजिनाला तेच नको असतं.

पण जेटच्याही आधी गळती. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये मॅनिफोल्ड, काळा इन्सुलेटर आणि ओ-रिंग असते. तिथून हवा आत ओढली गेली तर गाडीची लक्षणं हुबेहूब लहान जेटसारखी दिसतात: अॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लागणं, आयडलिंग वर-खाली होणं, उतारावर सायलेन्सरात फटफट. अशा गाडीत पायलट मोठा टाकला की आयडलिंगला बरं वाटतं आणि पुढे सगळं बिघडतं. मग माणूस महिनोन्‌महिने जेट बदलत बसतो.

तपासणी सोपी आहे. थंड गाडी चालू करा आणि सायलेन्सर तापायच्या आत मॅनिफोल्डच्या सांध्यांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर गळती आहे. हा फवारा पेट घेतो, तेव्हा तापलेल्या इंजिनावर हा प्रयोग करू नका, आणि बिडी ओढणाऱ्या मित्राला आधी लांब बसवा. गळती सापडली तर बहुतेकदा कारण एकच निघतं: आधीच्या कुणीतरी दोन बोल्ट जीव खाऊन आवळलेले असतात आणि फ्लॅन्जचे कान वाकलेले असतात. सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत फ्लॅन्ज त्यावर आठच्या आकड्यात घासा. ओ-रिंग नवी घाला, बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळा. सिलिकॉन फासू नका. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. सायलेन्सर जिथे हेडला मिळतो तिथलं पॅकिंगही पाहा, फटफट तिथूनही येते.

यानंतर फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या बाउलमधली पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगा. कार्बोरेटरच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावा, ती बाजूने वर धरा आणि ड्रेनचा स्क्रू सैल करा. नळीतली पेट्रोलची पातळी बाउलच्या गॅस्केटच्या जरा खाली असायला हवी. ती चुकली असेल तर पुढचं कुठलंच माप खरं येणार नाही.

आता जेट. आधी अॅक्सिलरेटरच्या ग्रिपवर आणि शेजारच्या हाउसिंगवर टेपच्या पट्ट्या लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. हे लोकांना पोरकट वाटतं, पण ‘मधे कुठेतरी मिसिंग मारते’ एवढ्या माहितीवर काहीच करता येत नाही. बंद ते एक अष्टमांश हा पायलटचा भाग, पाव ते पाऊण सुईचा, पाऊणच्या पुढे मेन जेटचा. पायलट आणि सुई यांच्यामधला तुकडा स्लाइडच्या (अॅक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या, सुई धरणाऱ्या भागाच्या) कापाचा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

क्रम मेन, मग पायलट, शेवटी सुई. सुई दोघांच्या मधे बसते, म्हणून दोन्ही टोकं पक्की झाल्याशिवाय तिला हात लावण्यात अर्थ नाही. उलट क्रम सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना तीच सुई पुन्हा पुन्हा हलवताना मी पाहिलं आहे.

मेन जेट मुद्दाम दोन-तीन नंबर मोठा टाका. शेतातल्या लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. गाडी घुटमळली, भडभडली तर रिच आहे. तिथून एकेक नंबर खाली या, पूर्ण अॅक्सिलरेटरवर स्वच्छ ओढायला लागेपर्यंत. खात्रीसाठी पूर्ण अॅक्सिलरेटरवरून किंचित मागे या. मागे आल्यावर गाडी जास्त ओढत असेल तर जेट अजून लहान आहे. चोक जरासा ओढल्यावर सुधारत असेल तरी अर्थ तोच. लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नका, त्या वाटेवर इंजिन सतत तापत राहतं.

प्लगच्या रंगावर फार विसंबू नका. ई-२० वर प्लग तसाही फिकट राहतो, आणि आयडलिंग करत घरी आणलेल्या गाडीच्या प्लगवर फक्त आयडलिंग दिसतं. बघायचाच असेल तर नवा प्लग लावा, पूर्ण अॅक्सिलरेटरवर पळवा, तिथल्या तिथे क्लच दाबून इंजिन बंद करा आणि जागेवरच उघडा.

पायलटला नव्वद टक्के लोक स्क्रूमुळे फसतात. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा: बाहेर काढला की रिच. दोन्ही अगदी उलट, आणि सल्ला देणारा हे विचारतही नाही. गाडी गरम करा आणि स्क्रू हळूहळू फिरवत सगळ्यात वरची, स्थिर रेस शोधा. ती आत पूर्ण बसलेल्या स्थितीपासून एक ते अडीच फेऱ्यांत सापडली तर पायलट योग्य आहे. मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या बाहेर काढावा लागला, किंवा हवेचा जवळजवळ पूर्ण आत न्यावा लागला, तर पायलट एक नंबर वाढवा. काही गाड्यांत हा स्क्रू टोपीने झाकलेला येतो, ती टोपी जपून काढावी लागते.

सुई शेवटी. सुईला क्लिपचे खाचे असतील तर क्लिप एक खाच खाली केली की सुई वर जाते आणि मधला भाग रिच होतो. खाचे नसतील, आणि अशा सुया येतात, तर सुईच्या डोक्याखाली अर्ध्या मिलीमीटरचा छोटा वायसर घाला. बहुधा एक पुरतो. अर्ध्या अॅक्सिलरेटरवर गाडी झटका न देता उचलली की तिथेच थांबा.

दोन इशारे. एक, जेट तारेने कोरू नका आणि ड्रिलने मोठा करू नका. कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा धागा पुरे. दोन, जेटवरचा आकडा सगळीकडे एका मापाचा नसतो. केहिन पद्धतीत तो भोकाचा व्यास असतो, मिकुनीच्या मोठ्या षट्‌कोनी जेटवर तो पेट्रोलच्या प्रवाहाचा. एकाचा १०५ म्हणजे दुसऱ्याचा १०५ नव्हे. व्यासाच्या हिशेबात १०५ वरून ११० वर गेलं तरी भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतं, म्हणून एका वेळी एकच नंबर आणि एकच बदल. काय बदललं ते वहीत लिहा, शेजारी तारीख आणि तापमान. पुढच्या थंडीत ते पान लागणारच.

स्प्रॉकेट आणि टायर

पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पुढच्या स्प्रॉकेटने पडतो. पुढे १७ आणि मागे ५० दात असतील, तर पुढे १५ केल्यावर चाकाला तेरा टक्क्यांहून जास्त ओढ मिळते. कमाल वेग साधारण बारा टक्क्यांनी घटतो, शेतात तो लागतो कुणाला? चेनची पिच जुळते का ते पाहून घ्या, आणि लहान स्प्रॉकेटवर चेन स्विंगआर्मच्या रबरी पट्टीला घासत नाही ना तेही. घासत असेल तर १६ वर समाधान माना.

टायरची हवा मातीसाठी १८ ते २० पीएसआय. त्याखाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचा मडगार्ड टायरला चिकटून बसलेला असेल तर चाकच अडकतं, तेव्हा आधी तो उंच करा.