चिनी घरात काका, मामा आणि भावांना हाक कशी मारावी

मॅन्डरिन शिकताना नात्यांचा धडा आला की बरेच जण धास्तावतात. मराठी माणसाला तसं कारण नाही. काका वेगळा, मामा वेगळा, चुलतभाऊ आणि मामेभाऊ वेगळे, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. वयाचा मान मात्र तिथे जास्त काटेकोरपणे पाळतात.

१. आधी थोरला की धाकटा ते पाहा. थोरला भाऊ ‘गऽग’, धाकटा ‘दीदी’. हो, दीदी म्हणजे धाकटा भाऊ! पहिला ‘दी’ वरून झटकन खाली आणायचा, दुसरा हलकाच सोडायचा. थोरल्याला नावाने हाक मारत नाहीत, धाकट्याला खुशाल मारावी.

२. मग बाजू पाहा. वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’. आईचा भाऊ ‘ज्योज्यो’, मग तो आईहून मोठा असो की लहान. आत्याचे यजमान ‘गूफू’, मावशीचे ‘यीफू’.

३. काका बरेच असतील तर क्रमांक लावा. इथेच नवखा माणूस गोंधळतो. सगळ्यांत थोरल्याला ‘एक’ न म्हणता ‘दा’, म्हणजे मोठा, म्हणतात. पुढे ‘अर’ म्हणजे दोन, ‘सान’ म्हणजे तीन. समजा, चार भावांत वडील तिसरे आहेत. मग काका होतात दाबो, अरबो आणि थेट ‘स्सशू’, म्हणजे चौथे काका. तिसरा क्रमांक वडिलांचा असतो, म्हणून तो गाळला जातो. हे एकदा कळलं की त्या घरातली भावंडं मोजता येतात.

४. चुलतभावाच्या नात्याला ‘थांग’ लावा: थांगग, थांगदी. आते, मामे, मावस या तिन्हींना एकच ‘ब्याव’. थांग म्हणजे घराचं मुख्य दालन. एका आडनावाची, एका घराण्याची मुलं ती थांग. समोरासमोर मात्र नुसतं ‘ग’ चालतं. एक मूल धोरणाच्या काळात, साधारण १९८० ते २०१५, शहरांतल्या कित्येक मुलांना ‘गऽग’ म्हणायला हेच भाऊ होते.

५. अनोळखी पुरुष आपल्या वडिलांपेक्षा मोठा वाटला तर बोबो, लहान वाटला तर शूशू म्हणा.

प्रांतागणिक शब्द बदलतात, म्हणून पाहुणे आले की कान उघडे ठेवा. घरातली आई मुलाला सांगते, ‘ज्याव शूशू’, म्हणजे ‘शूशू म्हण’. तुम्ही त्या मुलाच्या पिढीचे असाल, तर तोच शब्द उचला.