पिल्लाआधी त्याची आई पाहावी

कोणत्या जातीचे पिल्लू घ्यायचे हे तुमचे ठरलेले आहे, असे मी धरून चालते. एवढेच सांगते की कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत जिभेवरचा ओलावा लवकर उडत नाही. म्हणून हस्की, सेंट बर्नार्ड यांसारख्या दाट केसांच्या आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती कोकणात आणूच नयेत.

ब्रीडरची नावे मिळवण्यासाठी मोबाइलवरचे फोटो चाळत बसण्यापेक्षा पशुवैद्यांना विचारावे, कारण कोणाकडची पिल्ले आठवड्याभरात सलाईनवर येतात हे त्यांना पाठ असते. मग फोन करून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी आहे का आणि पिल्ले किती दिवसांची आहेत, हे विचारावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ही नोंदणी सक्तीची आहे आणि ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. ‘पाच आठवड्यांचे घ्या, लवकर लळा लागतो’ असे कोणी म्हणाल्यास फोन तिथेच ठेवावा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद जरूर मागावा. मात्र तो वंशावळ सांगतो, तब्येत नव्हे.

यानंतरची पायरी म्हणजे पिल्लाची आई ती राहते त्या जागी जाऊन पाहणे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. मीही एकदा गाळली होती. ‘तुम्ही कशाला आंबा घाट चढून येता, मी हातखंब्यापर्यंत आणून देतो’ असे विक्रेता म्हणाला आणि मला तो सज्जनपणा वाटला. महामार्गाच्या कडेला आंब्याच्या पेटीतून त्याने लॅब्रॅडॉरचे पिल्लू काढून दिले. अंगाला पावडरचा वास, पोट नगाऱ्यासारखे ताणलेले. ते ताणलेले पोट बाळसे नसून बहुधा जंत असतात, हे मला तेव्हा कळत नव्हते. दुसऱ्या रात्री ते ओकू लागले, पहाटे रक्ताची हगवण लागली आणि पाचव्या दिवशी ते गेले. हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूजन्य आतड्यांचा रोग. त्याची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पेटीत बसतानाच रोग त्याच्या अंगात होता. विक्रेत्याने मात्र ‘तुमचे पाणी बाधले’ असे सांगून हात झटकले. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो; त्यामुळे पुढे वर्षभर आमच्या खळ्यात दुसरे पिल्लू आणता आले नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: वाटेत, स्थानकावर किंवा दुकानात पिल्लू घ्यायचे नाही. ‘आई गावाला पाठवली आहे’ हे उत्तर ऐकले की चहासुद्धा न घेता निघावे. आई दाखवली तरी ती खरी आहे का, हे पाहावे लागते, कारण गुबगुबीत, चकचकीत केसांची भलतीच मादी पुढे करण्याची लबाडी चालते. दीड-दोन महिने पिल्लांना पाजलेल्या मादीचे आचळ ओघळलेले असतात, केस विरळ झालेले असतात आणि ती थोडी रोडावलेली असते. यात काळजीचे काही नाही. कोपरांवर जाड घट्टे, नखे वाढून वळलेली आणि माणूस जवळ येताच कोपऱ्यात आक्रसणे, ही मात्र पिंजऱ्यात जन्म काढल्याची खूण समजावी. पहिली भेट ठरवून घ्यावी, दुसरी न कळवता दुपारी; फिनेलचा ताजा वास फक्त पहिल्या भेटीतच आला, तर काय ते समजावे.

तिचे वय आणि आतापर्यंतची वेते विचारावीत. दीड वर्षाच्या आत मादी गाभण केलेली असेल किंवा प्रत्येक माजाला पिल्ले काढलेली असतील, तर ते घर वर्ज्य. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आई-बाप दोघांच्याही खुब्याचे एक्स-रे मागावेत. ‘आमच्याकडे कधी कोणी लंगडले नाही’ हे एक्स-रेऐवजी चालत नाही.

लसीची पुस्तिका उजेडात धरून वाचावी. तीत कुपीवरची चिकटपट्टी, तिच्यावरचा बॅच क्रमांक, तारीख आणि पशुवैद्यांची सही असायला हवी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. तेव्हा दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पुस्तिकेत तीन मात्रा एकाच शाईने भरलेल्या दिसल्या, तर ती घरी बसून भरलेली आहे. भातशेती आणि उंदीर यांच्या सोबतीने राहणाऱ्या आपल्या लोकांनी पुढच्या मात्रांत लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, लसही पिल्लाला द्यावी.

चांगला ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो: दिवसा घरी कोण असते, कुत्रा पडवीत बांधणार की आत घेणार, चार महिन्यांच्या पावसात त्याला फिरवणार कोण. याचा राग मानू नये. मला तर काहीच न विचारता बयाणा मागणाऱ्याचीच भीती वाटते. कुत्रा सांभाळणे जमले नाही तर तो परत घेईन, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि ४८ तासांत तुमच्या पशुवैद्यांनी तपासेपर्यंत थोडी रक्कम हातची राखावी.

निघण्यापूर्वी तीन तास पिल्लाला खायला घालू नये, घाटात ते ओकते. आणि आईच्या अंथरुणातला एक न धुतलेला फडका मागून घ्यावा, पहिल्या रात्री त्याच्या कुशीत ठेवायला.