दवाखान्याच्या काउंटरवर काम करताना कायदा आणि गोपनीयता कशी सांभाळावी

पेशंट डॉक्टरांना भेटतो त्याआधी तुम्हाला भेटतो. नाव, वय, पत्ता, काय होतंय, आधी कुठे दाखवलं, हे सगळं तुमच्याच हातून केसपेपरवर उतरतं. तरी रिसेप्शनला माणूस घेताना बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकवतात, टोकन कसं द्यायचं ते शिकवतात. कायद्याचं कुणी बोलत नाही. मग एखाद्या दिवशी पोलीस रेकॉर्ड मागायला येतात किंवा नातेवाईक चिडून वकिलाची नोटीस पाठवतात, आणि त्या नोंदीवरचं अक्षर तुमचं निघतं.

महाराष्ट्रातल्या क्लिनिकमध्ये, नर्सिंग होममध्ये, सोनोग्राफी सेंटरमध्ये रिसेप्शन, बिलिंग किंवा रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट मनात पक्की करा: माहिती पेशंटची असते, दवाखाना ती फक्त सांभाळतो. पुढचं बहुतेक सगळं यातूनच येतं.

१. फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवा

सर्वाधिक गोपनीयता फुटते ती फोनवर, आणि तीही चांगल्या मनाने. समजा, फोन येतो: "अहो ताई, मी तिची सासूच बोलतेय. काल सोनोग्राफी झाली ना तिची, काय आलं रिपोर्टमध्ये?" आवाज काळजीचा असतो, माणूस घरचाच वाटतो. "काकू, रिपोर्ट अजून आला नाही," असं उत्तर सहज तोंडून जातं. या साध्या वाक्यातही ती बाई दवाखान्यात आली होती आणि तिची तपासणी झाली, हे तुम्ही सांगून टाकलेलं असतं. कदाचित तिने घरी सांगितलेलंच नसेल.

म्हणून एकच वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा: "काकू, आम्ही कुणाचीच माहिती फोनवर देत नाही. ज्यांची तपासणी असेल त्यांनी स्वतः यावं." 'कुणाचीच' हा शब्द सोडू नका. नवरा, भाऊ, सासरे, ऑफिसचा एचआर, गावचे सरपंच, सगळ्यांना हेच उत्तर. पेशंटला रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा असेल, तर केसपेपर काढतानाच ते नाव लिहून घ्या आणि खाली पेशंटची सही घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपने आता आणखी एक दार उघडलंय. रिपोर्ट पाठवायचा तो नोंदवलेल्या नंबरवरच, आणि तोही दवाखान्याच्या फोनवरून. तुमच्या खासगी मोबाइलमध्ये लोकांचे रिपोर्ट साठत जाणं चांगलं नाही. स्टाफच्या ग्रुपवर केसपेपरचे फोटो टाकू नका. डिजिटल स्वरूपातल्या माहितीसाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झाला आहे, त्यामुळे ही शिस्त आताच लावून घेतलेली बरी.

काउंटरवरचं बोलणंही याच सदरात येतं. भरलेल्या वेटिंगमध्ये "तुमची ती मूळव्याधीची तपासणी ना?" असं विचारू नये. नाव घ्या, कागद पुढे करा, त्रास लिहून द्यायला सांगा किंवा जवळ येऊन हळू विचारा.

२. जिथे गुप्तता मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे

डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने घातलं आहे, आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही ते पाळावंच लागतं. काही ठिकाणी मात्र कायदा आणखी कडक आहे.

गर्भपात हे त्यातलं पहिलं. १९७१ च्या एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही कळता कामा नयेत. ते उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. याचं अ‍ॅडमिशन रजिस्टर वेगळं असतं आणि कुलपात ठेवायचं असतं. बाकीच्या कागदांवर नावाऐवजी त्यातला अनुक्रमांक लिहितात. अठरा वर्षांवरील स्त्रीला फक्त तिची स्वतःची लेखी संमती पुरते. "नवऱ्याला घेऊन या, त्यांची सही लागेल," असं काउंटरवरून सांगितलं जातं तेव्हा कायद्यात नसलेली अट आपण तिच्यावर लादत असतो. कित्येक बायका तेवढ्यावरूनच परत फिरतात आणि भलत्या ठिकाणी जातात. हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघू नये. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते, पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखाली पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही येते. तिथे स्वतः काही ठरवू नका, तडक डॉक्टरांना सांगा.

दुसरं एचआयव्ही. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याची स्थिती बाहेर सांगता येत नाही. उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांना कळवण्याची मुभा आहे, पण ती उपचारापुरतीच. फाइलच्या कव्हरवर लाल खूण किंवा स्टिकर लावायची पद्धत कुठे असेल तर ती आजच बंद करायला लावा. खूण वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना दिसते.

मानसिक आजारांच्या बाबतीतही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे.

३. सोनोग्राफी असेल तर एफ फॉर्म जिवाभावाने भरा

गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद ज्यात करतात तो एफ फॉर्म अनेक सेंटरमध्ये डॉक्टर भरत नाहीत, रिसेप्शनवरच भरला जातो. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंधक) कायद्यात नोंदीतली उणीव म्हणजे कायद्याचा भंग मानली जाते. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावर येते. या तरतुदी जाचक आहेत असं म्हणत प्रसूतितज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. 'कारकुनी चूक झाली' हे म्हणणं तिथे सहसा टिकत नाही.

तेव्हा फॉर्म असा भरा. एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तर तसं लिहा. कुणी पाठवलं त्या डॉक्टरांचं नाव आणि त्यांची चिठ्ठी जोडा. पेशंट स्वतःहून आली असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. तपासणीचं कारण डॉक्टरांना विचारूनच खूण करा. गरोदर स्त्रीचं प्रतिज्ञापत्र तिला वाचून दाखवा, तिला कळतं त्या भाषेत, आणि सही तपासणीच्या आधी घ्या. डॉक्टरांची सही त्याच दिवशी व्हायला हवी. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेला पाहिजे. कागद दोन वर्षं ठेवायचे, आणि खटला चालू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत. गर्भलिंग तपासणी होत नाही, हा फलक इंग्रजीत आणि मराठीत दर्शनी भागात हवा.

गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही प्रकारे कळवणं गुन्हा आहे. 'पेढे आणा', 'बर्फी आणा' हे संकेत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. कुणी आडवळणाने विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला फलक दाखवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

४. संमतीपत्र म्हणजे अ‍ॅडमिशनच्या गठ्ठ्यातला एक कागद नव्हे

रात्री अकरा वाजता नातेवाइकांसमोर सहा कागद सरकवायचे, "इथे, इथे आणि इथे सही करा" म्हणायचं, आणि ऑपरेशनचं नाव नंतर भरायचं. हे सर्रास चालतं, आणि अशा सहीला कोर्टात फारशी किंमत उरत नाही.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांच्या सहायक बाहेर आल्या, तिच्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय व बीजकोष काढले गेले. पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जीव लगेच जाईल अशी स्थिती नव्हती. आईची ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. बाहेर येऊन सही घेणारी व्यक्ती उद्या तुम्ही असू शकता, म्हणून हे प्रकरण मला सगळ्या स्टाफला सांगावंसं वाटतं.

काय करायचं आहे, धोके कोणते, दुसरा पर्याय काय, हे समजावणं डॉक्टरांचं काम. तुमचं काम कागद नीट ठेवण्याचं. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याचीच. प्रक्रियेचं नाव, तारीख, वेळ सहीच्या आधी लिहिलेली हवी. फॉर्म मराठीत हवा. मराठी येत नसेल तर त्याच्या भाषेत कुणी समजावलं त्याचं नाव लिहा. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. डॉक्टरांनी समजावताना तुम्ही हजर नसाल तर साक्षीदार म्हणून सही करू नका. "तुमची सही टाका हो, फॉर्मॅलिटी आहे," असं कुणी म्हटलं तरी नाही.

५. इमर्जन्सीत पैसे आणि पोलीस नंतर

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघातातल्या जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार मागून. सरकारी असो की खासगी, "एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) आहे, सिव्हिलला न्या" म्हणून दारातून परत पाठवायचं नाही. प्राथमिक उपचार करून, स्थिर करून मगच हलवायचं. बलात्काराची किंवा अ‍ॅसिड हल्ल्याची पीडित आली तर कायद्याने ताबडतोब मोफत प्रथमोपचार आणि पोलिसांना खबर, दोन्ही बंधनकारक. नकार दिला तर भारतीय न्याय संहितेखाली जबाबदार व्यक्तीला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. अशी बाई समोर उभी असताना डिपॉझिटचा शब्द काढायचा नाही. आधी बाजूच्या खोलीत बसवा आणि सिस्टरला बोलवा.

जखमीला घेऊन आलेल्या वाटसरूला नाव सांगण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण मिळालं आहे. पाणी द्या, आभार माना, जाऊ द्या.

बिल थकलं म्हणून पेशंटला अडवणं किंवा मृतदेह न देणं, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेच्या विरुद्ध आहे. थकबाकी वसूल करायला कायदेशीर मार्ग आहेत. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. तुमच्याकडे ते कॅलेंडरमागे झाकलेलं नाही ना, एकदा बघा.

६. रेकॉर्ड: लिहा, सांभाळा, मागितलं की द्या

चूक झाली तर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारा, अशी की खालचं अक्षर वाचता येईल. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख, वेळ. खाडाखोड दिसली की समोरच्या वकिलाचं निम्मं काम होतं.

अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायचं असतं. एमएलसीचे आणि लहान मुलांचे कागद त्याहून बरेच जास्त ठेवलेले चांगले. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने प्रती मागितल्या तर अर्ज घ्या, पोच द्या आणि ७२ तासांत प्रती द्या. "आमच्याकडे देत नाहीत" हे उत्तर चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे की पेशंटपासून त्याचेच कागद लपवता येत नाहीत. झेरॉक्सचा खर्च घ्यायला हरकत नाही.

पोलीस आले तर लेखी पत्र मागा, त्यावर ठाण्याचं नाव आणि अधिकाऱ्याची सही असू द्या, आणि डॉक्टरांना दाखवा. साक्षांकित प्रत द्या. मूळ कागद जप्त होत असतील तर आधी सगळ्याची झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. विमा कंपनी, टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) किंवा कंपनीचा एचआर असेल तर पेशंटची लेखी संमती पाहिल्याशिवाय पान उलटू नका.

७. आतूनच चुकीचं करायला सांगितलं तर

सगळ्यात अवघड प्रसंग हाच. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट टाइप कर, रजिस्टरमध्ये दोन ओळी घुसव, अमुक लॅबकडे पेशंट पाठव म्हणजे पाकीट येईल. खोटं प्रमाणपत्र आणि कमिशन, दोन्ही आचारसंहितेने डॉक्टरांना निषिद्ध केलेली आहेत. पगार त्यांच्याच हातात असतो, हे मला समजतं. तरीही तुमच्या अक्षरात खोटी नोंद करू नका. "सर, आजची तारीख घालून देते, मागची नको," इतकं शांतपणे म्हणता येतं, आणि बहुतेक वेळा ते पुरतं.

न पुरलं तर कोण, कधी, काय म्हणालं ते त्याच दिवशी स्वतःकडे लिहून ठेवा. पेशंटचे कागद मात्र घरी नेऊ नका, त्यांचे फोटोही काढू नका. नर्सिंग होमची तक्रार ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते. गर्भलिंग निदानाची तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे किंवा राज्य सरकारच्या 'आमची मुलगी' संकेतस्थळावर करता येते.