बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीसाठी परवडणारा दस्ता कसा निवडावा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आल्यापासून शिकारीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे सरकवून गोळी भरण्याच्या) रायफली शेतसंरक्षणाच्या वा नेमबाजीच्या परवान्यावर किंवा वडिलोपार्जित ठेव म्हणून उरल्या आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरताही येत नाही. अशा रायफलीचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा आणि नळीला खालून आधार देणारा भाग, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो आणि बहुधा मनगटाशी, म्हणजे पकडीच्या बारीक भागात, तडकतो.

मात्र तडा दिसला की दस्ता बदललाच पाहिजे असे नाही. लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेला तडा इपॉक्सी आणि आतली खीळ यांनी सांधता येतो. लाकडात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असेल तर मात्र गोंद धरत नाही, आणि तेव्हाच नव्या दस्त्याचा विचार करावा.

ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बांधणीची असून तिचा मागचा दस्ता आणि पुढचे लाकूड वेगवेगळे असते, त्यामुळे बिघडलेला तेवढाच भाग बदलला तरी चालतो. खरी बचत इथेच आहे. जुन्या ली-एनफिल्डमध्ये मागचा दस्ता जोडून ठेवणाऱ्या बोल्टचे (गोळी भरण्याच्या नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते, म्हणून पुढचे लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवल्यास तेही चिरते. माउझर या जर्मन पद्धतीच्या रायफलीचा दस्ता मात्र अखंड असतो.

ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण साडेतेरा इंच धरतात. ठेंगण्या व्यक्तीला ते कमी लागते. दुर्बीण बसवायची असेल तर गाल टेकण्याची कड उंच हवी. ही मापे न घेता स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला दस्ता शेवटी महागच पडतो.

स्वस्त साच्यातले प्लास्टिक हवामानाला दाद देत नाही, पण त्याचा पुढचा भाग लवचीक असतो आणि आधारावर टेकताच नळीला भिडू शकतो. थर चिकटवून केलेले लाकूड जड असले तरी वाकत नाही. फायबरग्लास उत्तम, पण महाग. माझ्या मते जुन्या .३१५ साठी नीट वाळवलेले अक्रोडाचे लाकूड घ्यावे आणि त्याला आतूनही जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, कारण ओल शिरते ती न दिसणाऱ्या बाजूनेच.

शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे दस्ता मागवण्यापूर्वी, विशेषतः तो परदेशातून मागवायचा असल्यास, शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करावी, आणि काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. अखंड दस्ता असेल तर रायफलीच्या धातूच्या सांगाड्याचा धक्का झेलणारा खालचा दात लाकडावर सपाट टेकतो का आणि त्याच सांगाड्याच्या मागच्या शेपटीशी केसभर फट आहे का, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. फट नसेल तर नवा दस्ताही तिथेच फाटतो. दस्ता बसल्यावर मान्यताप्राप्त रेंजवर नेम पुन्हा जुळवावा लागतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर स्क्रूंचा ताण एकदा तपासावा.